वजन कुठून काढायचं?

गेल्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की आपल्या भागातली बरीच मुलं मोठ्या माणसाच्या अंगाप्रमाणे बांधलेली एअर रायफल खांद्याला लावून उभी राहतात, आणि त्यांचं अर्धं बळ नेमात न जाता ओझं पेलण्यात जातं. त्यावर यावल, धुळे, भुसावळ, शिरपूर, नंदुरबारहून पत्रं आली. जवळपास प्रत्येक पत्रात सुट्या भागांची यादी होती आणि खाली एकच प्रश्न होता, ‘नाना, यातलं काय घेऊ?’ जळगावच्या एमआयडीसीत लेथवर उभं राहून मी वीस वर्षं मुलांच्या रायफली उघडतोय आणि बांधतोय. या वेळी सगळी पानं याच विषयाला दिली आहेत.

नाना, रामराम. मुलगी आठवीत आहे. उंची १५० सेंटिमीटर, वजन ४१ किलो. क्लबमधून जुनी १० मीटर एअर रायफल विकत घेतली, ती काट्यावर ४.९ किलो भरली. सराव झाला की पोर म्हणते, ‘आबा, मना खांदा दुखस.’ कार्बनची बट प्लेट, टायटॅनियमचे स्क्रू, हलका सिलिंडर, कार्बनची बॅरल ट्यूब अशी यादी काढली आहे. यंदा केळीचे पैसे बरे आले, खर्चाला मागे हटणार नाही. सुरुवात कशापासून करू?
— एक वडील, यावल तालुका

आबा, रामराम. यादी बाजूला ठेवा आणि आधी एक हिशोब बघा. ४१ किलोच्या मुलीला ४.९ किलोची रायफल म्हणजे तिच्या वजनाचा जवळजवळ आठवा हिस्सा. तुम्ही ७५ किलोचे असाल तर तुमच्या हातात ९ किलोची रायफल दिल्यासारखं ते आहे. आणि ती एकदा उचलून भागत नाही. २०१८ पासून मुलींनाही मुलांइतकेच ६० शॉट मारावे लागतात, त्याआधी ४० होते. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर त्यासाठी ७५ मिनिटं मिळतात. एका शॉटला २५ सेकंद रायफल वर धरली तरी ६० शॉटचे २५ मिनिटं होतात. शिवाय सुरुवातीचे साईटर, म्हणजे गुणांत न धरलेले चाचणीचे शॉट, आणि उचलून न मारता परत खाली ठेवलेले शॉट वेगळे.

म्हणून हलकं करायचं हा तुमचा विचार बरोबर आहे. पण खांदा दुखतोय तो वजनामुळेच, असं धरून चालू नका. कोणता खांदा दुखतो ते पत्रात नाही. डावा असेल तर मी वर्कशॉपमधूनच सांगतो की तिचं डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकत नसणार. उभ्या पोझिशनमध्ये रायफलीचा भार डाव्या तळव्यातून कोपरात, कोपरातून कमरेच्या हाडात आणि तिथून डाव्या पायात उतरला पाहिजे. हाडावर हाड बसलं की स्नायूंना काम उरत नाही. मुलीचा हात आखूड असला किंवा फोरएंड, म्हणजे डाव्या तळव्यावर टेकणारा रायफलीचा पुढचा भाग, उथळ असला की कोपर हवेत राहतं आणि सगळा भार खांद्याचा स्नायू उचलतो. मग अर्धा किलो कमी करूनही खांदा दुखणारच, फक्त दहा मिनिटं उशिरा.

यावर उपाय फोरएंडखाली लावायचा रेझर. सागाच्या किंवा बीचच्या लाकडाचा ठोकळा तळव्याच्या आकाराचा करून घ्या. सुतार तासाभरात करून देईल, वजन शंभर ग्रॅमच्या आत बसतं. नियमाने फोरएंडचा सर्वांत खालचा भाग बॅरलच्या मध्यरेषेपासून १२० मिलिमीटरपेक्षा खाली जाता कामा नये, तेवढं मोजून घ्या. म्हणजे इथे वजन वाढवून आराम मिळतो. तुमच्या यादीत हा ठोकळा नव्हता म्हणून तो सगळ्यात आधी सांगितला.

उजवा खांदा दुखत असेल तर बट, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग, लांब आहे. मोठ्या माणसाच्या मापाचा स्टॉक (दस्ता) मुलीला लागला की ती रायफल पुढे ढकलते, मान ताणते आणि कमरेतून मागे वाकते. बट प्लेटचा दांडा आत घ्या आणि प्लेट वर-खाली करून खांद्याच्या खळीत बसवा. याला षटकोनी किल्लीशिवाय काहीही लागत नाही.

आता वजनाकडे येतो. रायफल उघडा आणि सुटा होणारा प्रत्येक भाग मोजा. अख्खी रायफल तुमच्या केळीच्या काट्यावर चालेल, पण छोट्या भागांना ग्रॅमचा काटा हवा. जळगाव-यावलकडे सराफ ओळखीचा नाही असं घर नाही. दुपारी दुकानात गर्दी नसताना जा, तो पाच मिनिटांत सगळं मोजून देईल. प्रत्येक भागासमोर वहीत दोन आकडे लिहा. एक त्याचं वजन, दुसरा डाव्या तळव्यापासून त्याचं अंतर. दोन्हींचा गुणाकार तिसऱ्या रकान्यात. खरेदी या तिसऱ्या रकान्यावरून करायची.

का, ते सांगतो. समजा बॅरलच्या टोकाजवळ १५० ग्रॅमचं वेट आहे, तळव्यापासून ५५ सेंटिमीटर पुढे. गुणाकार ८,२५०. आणि फोरएंडखालच्या रेलवर (पट्टीवर) २०० ग्रॅमचं वेट आहे, तळव्यापासून १० सेंटिमीटरवर. गुणाकार २,०००. काट्यावर दुसरं जड आहे, पण मुलीला खाली ओढतं ते पहिलं. ते काढलं की वजन १५० ग्रॅमने कमी होतं आणि ४.९ किलोच्या रायफलीचा तोलही पावणेदोन सेंटिमीटर मागे सरकतो. पीव्हीसी पाइपचा तुकडा टेबलावर ठेवून त्यावर रायफल आडवी तोलून बघा. जिथे थांबते तिथे पेन्सिलीने खूण करा आणि प्रत्येक बदलानंतर नवी खूण करा.

क्लबच्या जुन्या रायफलीवर आधीच्या नेमबाजाने लावलेली वेट्स हमखास सापडतात. कुणीतरी तगड्या मुलाने स्वतःच्या सोयीने लावली आणि रायफल तशीच पुढे गेली. ती सगळी काढा. तीनशे-चारशे ग्रॅम फुकटात कमी होतात. मग स्टीलचे भाग शोधा. साईटखालचे उंचवटे, बट प्लेटचा दांडा, चीक पीसची, म्हणजे गाल टेकायच्या भागाची, खांबं. स्टीलची घनता ७.८५ आणि अॅल्युमिनियमची २.७, म्हणजे स्टीलचा १०० ग्रॅमचा भाग त्याच मापात अॅल्युमिनियमचा केला तर साधारण ३४ ग्रॅम भरतो. त्यानंतर आखूड सिलिंडर, म्हणजे दाबलेल्या हवेची टाकी. तो मात्र त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलसाठी दिलेलाच घ्यायचा. एवढं झाल्यावरही रायफल सव्वाचार किलोच्या वर राहिली, तर स्टॉकचा विचार करा. बड्या जर्मन कंपन्यांचे ज्युनिअर मापाचे स्टॉक लाकडातही मिळतात आणि या वयाला ते पुरतात. रायफलीला किमान वजनाची अट नाही. कमाल ५.५ किलोची आहे, आणि त्याची काळजी तुम्हाला नाही.

टायटॅनियमचे स्क्रू यादीतून काढा. ६ मिलिमीटरचा ३० लांबीचा स्टीलचा स्क्रू ९ ग्रॅमचा आणि टायटॅनियमचा ५ ग्रॅमचा धरला, तर दहा स्क्रू बदलून ४० ग्रॅम वाचतात, तेही रायफलीच्या मधल्या भागात, जिथे मुलीला ते जाणवणारच नाहीत. तेवढ्या पैशात तिला मापाचे बूट घ्या.

एक कळकळीची विनंती. एका दिवसात सगळं बदलू नका. मीच हे केलं होतं. अमळनेर तालुक्यातला एक मुलगा होता, चौदा वर्षांचा, अंगाने बारीक. त्याचे वडील रायफल घेऊन आले आणि ‘जेवढी होईल तेवढी हलकी करा’ म्हणाले. मी दोन दिवसांत ६०० ग्रॅम काढले, बहुतेक सगळे पुढून, कारण पुढचे भाग काढायला सोपे होते. मुलगा खूश झाला. नाशिकच्या विभागीय स्पर्धेला तीन आठवडे होते. पहिल्याच सरावात त्याची फ्रंट साईट काळ्या गोलाभोवती माशीसारखी फिरायला लागली. आधी जड का होईना, रायफल एका जागी थांबायची, आता थांबेचना. तो स्वतःवर चिडला, त्याला वाटलं आपलंच काहीतरी बिघडलं. बिघडवलं मी होतं. मी ३०० ग्रॅम परत लावले, पण मधल्या काळात त्याचा स्वतःच्या पोझिशनवरचा विश्वास गेला होता आणि तो आकडा कुठल्या काट्यावर मोजता येत नाही. तेव्हापासून माझा नियम आहे. आठवड्याला एकच बदल, आणि स्पर्धेआधीचा महिना किल्लीला हात लावायचा नाही.

सर, माझ्याकडे अॅल्युमिनियमची बॅरल ट्यूब आहे. कार्बन फायबरची घेतली तर किती फरक पडेल? रायफल ४.६ किलो, मी १९ वर्षांचा, उंची १७६.
— एक नेमबाज, धुळे

तुमच्या अंगकाठीला ४.६ किलो जड नाही, त्यामुळे ‘कशासाठी’ हा प्रश्न आधी मी तुम्हाला विचारतो. पण हिशोब मागितलाय तर देतो. बॅरलच्या पुढे लावायची, ३०० मिलिमीटर लांब, बाहेरून २२ आणि आतून १९ मिलिमीटरची ट्यूब धरा. तिच्यात साधारण २९ घनसेंटिमीटर माल असतो. अॅल्युमिनियमची ७८ ग्रॅम, कार्बनची ४६ ग्रॅम भरेल. वाचले ३२ ग्रॅम. स्टीलची असती तर सव्वादोनशेच्या वर गेली असती, तेव्हा बदलणं नक्की शहाणपणाचं होतं. अॅल्युमिनियमवरून कार्बनवर जाण्यात फायदा थोडा आणि किंमत फार.

आता तुमच्या पत्रात नसलेली गोष्ट. टोकाचं वजन दोन कामं करतं. एक म्हणजे ते खाली ओढतं, ते सगळ्यांना कळतं. दुसरं म्हणजे ते रायफलीला डुलू देत नाही. डोंबाऱ्याची पोर दोरीवर चालताना हातात लांब काठी धरते ती यासाठीच. ही अडवण्याची ताकद अंतराच्या वर्गाने वाढते. १५० ग्रॅम ५५ सेंटिमीटरवर असतील आणि तेच २० सेंटिमीटरवर आणले, तर ती ताकद साडेसात पटीने कमी होते. ओढ मात्र पावणेतीन पटीनेच कमी होते. म्हणजे टोक हलकं करताना जेवढा आराम मिळतो त्यापेक्षा स्थिरता जास्त वेगाने जाते. हृदयाचा ठोकासुद्धा हलक्या टोकाच्या रायफलीत साईटवर दिसायला लागतो.

१० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पेलेट, म्हणजे छर्रा, साडेचार मिलिमीटरचा. दशांशात गुण मोजतात तेव्हा केसाएवढी हालचालही गुणांत उतरते. म्हणून तुमच्यासारख्याला सांगेन, टोकाला १०० ग्रॅम लावून आठ दिवस मारा, मग काढून आठ दिवस मारा. दोन्ही वेळा रोज ४० शॉटची बेरीज लिहा. शेवटच्या दहा शॉटची बेरीज वेगळी लिहा, कारण वजन जास्त झालं की ते तिथे बोलतं. पहिल्या दहात सगळ्यांनाच जड रायफल छान वाटते.

कार्बन घेतलीच, तर ती अॅल्युमिनियमला थेट चिकटून बसवू नका. दोघांच्या मध्ये घामाचं खारं पाणी गेलं की अॅल्युमिनियम पांढरं पडून खात जातं. मध्ये पातळ प्लास्टिकची पट्टी किंवा गोंदाचा सलग थर ठेवा. आणि कार्बनची नळी घरी हॅकसॉने कापू नका. ती भुकटी फुफ्फुसात गेलेली चांगली नाही, कापायची तर ओली करून आणि तोंडाला मास्क लावून.

माझं स्वतःचं टर्निंगचं काम आहे. भाच्याच्या रायफलीसाठी बट प्लेट, रेझर, वेट होल्डर अॅल्युमिनियममध्ये करून देणार आहे. कोणता माल वापरू? आणि बॅरलच्या पुढच्या ट्यूबला भोकं पाडून ती हलकी केली तर?
— एक टर्नर, जळगाव

भोकं पाडू नका. नियमात स्पष्ट आहे, बॅरलला किंवा तिच्या पुढच्या एक्स्टेंशन ट्यूबला कुठलंही छिद्र चालत नाही. इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे साहित्याच्या तपासणीला, रायफल बाजूला काढतील आणि भाचा स्पर्धेच्या सकाळी रडत उभा राहील. हेही लक्षात ठेवा की यंत्रणेच्या मागच्या टोकापासून नळीच्या दिसणाऱ्या तोंडापर्यंत एकूण लांबी ८५० मिलिमीटरच्या आत हवी आणि फ्रंट साईट तोंडाच्या पुढे जायला नको. हलकी ट्यूब करतोय म्हणून लांब करायचा मोह होतो.

माल ६०६१ टी ६ घ्या. आपल्याकडे सहज मिळतो, यंत्रावर नीट चालतो, अॅनोडायझिंग चांगलं बसतं. ७०७५ ताकदीला जवळजवळ दुप्पट आहे, पण घनता २.८१, म्हणजे वजनात उलट थोडा जास्त. जाडी कमी करायची असेल तरच त्याचा उपयोग, आणि घामाला तो लवकर बळी पडतो. बट प्लेटच्या दांड्यासाठी मी ७०७५ वापरतो. बाकी सगळं ६०६१ मध्ये.

दांड्याचं मुद्दाम सांगतो. आतून पोकळ करून वजन काढण्याची युक्ती बहुतेक टर्नरांना सुचते, पण दांड्यावर खांद्याचा दाब पडतो, त्यावर रायफल टेकवली जाते, कधी पडते. भिंत ३ मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. आणि जिथे स्क्रू रोज उघडझाप होतो तिथे अॅल्युमिनियममध्ये थेट आटे पाडण्यापेक्षा स्टीलचं इन्सर्ट बसवा. दोन-तीन ग्रॅम वाढतील, पण आटे उडून ऐन वेळी बट प्लेट गळून पडणार नाही. स्क्रू बेताने आवळा. आपला हात एमआयडीसीच्या नट-बोल्टांना सरावलेला असतो, रायफलीला तेवढा जोर लागत नाही.

सिलिंडर, व्हॉल्व्ह, बॅरलची ब्रीच, ट्रिगरची यंत्रणा यांना लेथवर घेऊ नका. सिलिंडरचा तर एक मिलिमीटरही पत्रा छिलू नका. त्यात २०० बार दाब असतो, ट्रकच्या टायरमध्ये आठ-नऊच असतो.

स्वप्नील कुसाळे आमच्या मध्य रेल्वेचे. त्यांनी २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं त्या रायफलीला तर ८ किलोपर्यंत परवानगी असते असं वाचलं. मग जड रायफल चांगली की हलकी? मुलगा गोंधळलाय.
— एक रेल्वे कर्मचारी, भुसावळ

त्यांचं पदक ५० मीटर थ्री पोझिशनमधलं आहे आणि रायफल .२२ ची. तिथे कमाल ८ किलो. गुडघ्यावर आणि झोपून मारताना हाताला स्लिंग असतो, भार पट्ट्यात जातो. तुमचा मुलगा १० मीटरला उभा राहून मारतो, स्लिंगशिवाय. कुसाळेही थ्री पोझिशनमध्ये उभे राहून मारतात, पण ते वर्षानुवर्षं त्यासाठी घडवलेलं मोठ्या माणसाचं शरीर आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीतून क्रीडा प्रबोधिनीत गेलेला मुलगा तिथवर पोहोचायला पंधरा वर्षं लागली. मुलाला त्यांची चिकाटी दाखवा, रायफलीचं वजन दाखवू नका. तो वाढेल तसं आपण दर सहा महिन्यांनी १००-१०० ग्रॅम परत लावत जाऊ. काढलेली वेट्स म्हणूनच विकू नका, डब्यात नाव घालून ठेवा.

आमच्याकडे हवा भरायचा कॉम्प्रेसर नाही. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर आहे, त्यातून रायफलीचा सिलिंडर भरता येईल का? हलका आखूड सिलिंडर घेतल्यापासून तो लवकर संपतो.
— शिरपूरहून

नाही, नाही आणि नाही. दादा, हे कुणी सुचवलं असेल तर त्यालाही हे पान दाखवा. दाबाखालचा ऑक्सिजन ग्रीसला किंवा तेलाला लागला की ठिणगीशिवाय पेट घेतो. रायफलीच्या व्हॉल्व्हमध्ये ग्रीस असतंच. तुमचा चेहरा त्या व्हॉल्व्हपासून एका वितीवर असतो. फक्त कोरडी दाबलेली हवा. नाहीतर हाय प्रेशरचा हातपंप घ्या. त्याला ओलावा शोषणारा फिल्टर हवाच, नाहीतर पावसाळ्यात आत पाणी साचून सिलिंडर गंजतो. पंप मारायला दम लागतो, दोघांनी आळीपाळीने मारा.

सिलिंडर लहान असला तरी एका भरणीत साईटर धरून शंभर शॉट निघाले तर स्पर्धेला पुरतो. तेवढे निघत नसतील तर गळती बघा. वॉशर बदलून काम होतं.

इथे एक बारीक गोष्ट, हलकं करण्याच्या मागे लागलेल्यांसाठी. हवेलाही वजन असतं. सव्वाशे मिलिलिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला जवळपास ३० ग्रॅम हवा मावते, आणि सिलिंडर फोरएंडच्या पुढे असतो. म्हणजे भरलेली आणि रिकामी रायफल तोलाला वेगळी असते. कुणी कार्बनसाठी हजारो रुपये मोजून ३२ ग्रॅम वाचवतो आणि सरावाला अर्ध्या सिलिंडरने, स्पर्धेला भरलेल्याने उतरतो. दोन्ही वेळा सारखाच भरून मारा.

मे महिन्यात भरलेला सिलिंडर गाडीत ठेवू नका. २५ अंशाला २०० बार भरलेला सिलिंडर बंद गाडीत ६० अंशाला तापला की दाब २२० च्या पुढे जातो. भुसावळ-शिरपूरच्या उन्हात बंद गाडी ६० अंशाला सहज पोहोचते. सिलिंडरवर तयार झाल्याचा महिना आणि वर्ष कोरलेलं असतं, तेही आज बघा. दहा वर्षं उलटलेला सिलिंडर वापरायचा नाही, आणि मुदतीची जबाबदारी नियमाने नेमबाजाची स्वतःची आहे. जुनी हलकी सिलिंडरं स्वस्तात मिळतात ती याच कारणाने मिळतात.

नाना, मी नववीत आहे. तुमचं वाचून पुढचं १२० ग्रॅमचं वेट काढलं. रायफल हलकी वाटते, पण आता माझे शॉट वर जायला लागलेत. साईट खाली क्लिक केली तरी दुसऱ्या दिवशी परत वर. काय करू?
— एक विद्यार्थिनी, नंदुरबार

बेटा, तू साईटला क्लिक केलंस तिथे जरा घाई झाली. असं होतं. वेट काढल्यावर रायफलीचा तोल मागे आला, पण तुझं अंग अजून जुन्या तोलाचंच आहे. आधी पुढचं टोक स्वतःच्या वजनाने खाली येऊन काळ्या गोलावर थांबायचं. आता ते वरच थांबतंय, आणि तू हाताने खाली दाबून धरतेस. शॉट सुटताना हात सैल झाला की टोक पुन्हा वर.

हे तपासायचं असं. पोझिशन घे, नेम धर, डोळे मीट, दोन श्वास घे, डोळे उघड. साईट गोलाच्या वर दिसली ना? मग साईटला हात लावू नकोस. क्लिक जिथे होते तिथे परत ने, वहीत लिहिले असतील. डावा तळवा एक सेंटिमीटर पुढे किंवा मागे सरकव आणि पुन्हा डोळे मिटून बघ. अजून वर असेल तर बट प्लेट दोन मिलिमीटर खाली सरकव, म्हणजे टोक खाली येईल. एका वेळी एकच, आणि प्रत्येक वेळी डोळे मिटून. साईट आपोआप गोलावर उघडेपर्यंत पेलेट घालायचंच नाही.

तळवा सरकवून जमलं नाही, तर काढलेलं वेट पुन्हा लाव, पण टोकाला नको. तळव्यापासून ३० सेंटिमीटरवर, म्हणजे ओढही कमी आणि डुलणंही थोडं आवरेल. वेट होल्डर नसेल तर मासे धरायच्या जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या घेऊन काळ्या इन्सुलेशन टेपने बॅरल ट्यूबवर बांध. तापीकाठच्या बाजारात मिळतात. हे फक्त जागा ठरवायला. जागा ठरली की शाळेच्या सरांना सांगून नीट होल्डर बसवून घे. शिशाला हात लागला की साबणाने हात धुवायचे, पेलेट हाताळल्यावरही. डबा खायच्या आधी तर नक्कीच.

आणि थंडीतल्या सरावात अॅल्युमिनियमचं चीक पीस गार लागतं म्हणून तू गाल उचलून धरतेस असं तुझ्या चिठ्ठीच्या मागे तुझ्या आईने लिहिलंय. तेही शॉट वर जाण्याचं कारण असू शकतं. त्यावर मऊ चामड्याचा पातळ तुकडा चिकटव, दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने. दोन ग्रॅम वाढतील, ते वाढू दे.